मूल दीर्घ, मुलं ऱ्हस्व

प्रिय धाकटीस,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. (थोरलेपण अजून कुठल्या संस्थेनं तुला मंजूर केलेलं नाही, तेव्हा आशीर्वाद देण्याचा हक्क सध्या तरी माझ्याकडेच आहे.) तुझा गुडघा कसा आहे? दाढ काढली ती जागा भरून आली का? मेहुणे जागे असतील तर त्यांनाही नमस्कार सांग. आमच्याकडे सगळं ठीक. हे रोज सकाळी तब्येतीसाठी फिरायला जातात आणि परत आल्यावर फिरण्याचा थकवा घालवायला झोपतात. माझी प्रकृती उत्तम आहे, पित्त सोडलं तर. पित्ताचा उल्लेख मुद्दाम केला, कारण परवा मेहुणे ह्यांना बाजारात भेटले आणि म्हणाले की धाकटीला मदत मिळाल्यापासून थोरलीच्या पोटात दुखतंय. दुखतंयच. पण ते पित्तानं दुखतंय, आणि तसं डॉक्टरांनी सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं आहे. तो कागद सोबत जोडत नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याची तुला लहानपणापासून सवय आहे.

आता पत्राचं कारण. माझ्या उन्हाळी वर्गात एकतीस मुलं होती. आज चार आहेत. उरलेली सत्तावीस तुझ्या उन्हाळी शिबिरात आहेत. आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष येत्या सोमवारी पाहणीला येणार आहेत आणि दहापेक्षा कमी डोकी दिसली तर वर्ग बंद करायचा, पुढच्या वर्षीही काढायचा नाही, असं त्यांनी मला चहा पिता पिता सांगितलं. (चहा माझा.) एकोणीस उन्हाळे मी हा वर्ग चालवला. पुढचा उन्हाळा माझ्या नोकरीतला शेवटचा. तो मी घरी बसून, ह्यांच्या घोरण्याला साथ देत काढावा अशी तुझी इच्छा असेल तर तसं स्पष्ट सांग. नसेल, तर पुढचं नीट वाच. मधली पानं गाळून शेवट वाचायची तुझी खोड मला माहीत आहे.

सुरुवात बटणवाल्यांपासून करायला हवी. शर्टांना बटणं पुरवून पुरवून मोठं झालेलं ते घराणं एका वर्षी अचानक शाळांना मदत करायच्या मागे लागलं. त्यांचा अर्ज तुला आला तसा मलाही आला. तीन भाग होते: मुलांच्या कला, उन्हाळ्यातलं शिक्षण आणि शाळेचं नेतृत्व. प्रत्येक भागाखाली प्रश्न. तुमच्या अडचणी कोणत्या? तुमचे कोणते प्रयत्न फसले? तुम्हाला काय येत नाही? मी इतकी वर्षं वरून येणारे तक्ते भरत आले आहे. तक्त्यात जागा रिकामी सोडली की तक्ता परत येतो, आणि 'निरंक' लिहिलं की वरचे लोक समाधानानं झोपतात. चोरी निरंक, अपघात निरंक, तक्रारी निरंक. तेव्हा मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: अडचणी निरंक, फसलेले प्रयत्न निरंक, न येणाऱ्या गोष्टी निरंक. अकरा मिनिटांत अर्ज पूर्ण. खाली सही, सहीखाली दोन टिंबं.

तू मात्र नऊ पानं लिहिलीस, आणि ती शुद्धलेखन तपासायला माझ्याकडेच पाठवलीस. तुझं धैर्य! मी तांबडी शाई घेऊन बसले. त्रेसष्ट चुका. 'अडचणि' काय, 'विद्यार्थि' काय, आणि तुझी ती जन्मापासूनची 'मूलं'. अगं, एक असेल तर मूल, मू दीर्घ. अनेक झाली की मुलं, मु ऱ्हस्व. तू तिसरीत असताना मी तुला हे जिन्यावर बसवून पन्नास वेळा लिहायला लावलं होतं. पण चुकांपेक्षा मजकुरानं मला घाम फुटला. तू लिहिलं होतंस: 'आठवीत मी स्वतः गणितात नापास झाले होते आणि अजूनही अपूर्णांक शिकवताना माझे हात गार पडतात. मागच्या वर्षी सात मुलं शाळा सोडून गेली, का गेली ते मी विचारलंच नाही, याची लाज वाटते.' असलं तू चारचौघांना कळवत होतीस! घरातली गोष्ट घराबाहेर नेऊ नये, हे आईनं आपल्याला सांगितलं होतं. (तू ऐकत नव्हतीस, तू खिडकीतून मांजर बघत होतीस.) मी चुका सुधारल्या आणि शेवटच्या पानाखाली पेन्सिलीनं लिहिलं: 'अगं, इतकं खरं कुणी लिहितं का? वेड लागलंय तुला.' पेन्सिलीनं अशासाठी, की तू ते खोडावंस. तू खोडलं नाहीस. अर्ज तसाच गेला. मनात मी म्हटलं, बरं झालं, हिचा अर्ज पहिल्याच टेबलावर बाद होणार. आता लपवण्यात अर्थ नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं. त्या रात्री पित्त नव्हतं.

मग बटणवाल्यांच्या पाहणीबाई आल्या. पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी, हातात जाड वही. सकाळी माझ्याकडे, दुपारी तुझ्याकडे. मी आदल्या दिवशी सगळ्या वर्गांची तयारी करून घेतली होती. हाताची घडी, तोंडावर बोट. व्हरांड्यातून चालताना आमच्या दोघींच्या पावलांशिवाय आवाज नाही. मला अभिमानानं भरून आलं, तेवढ्यात त्या हळूच म्हणाल्या, "आज सुट्टी आहे का?" मी वर्गाचं दार उघडून आत बसलेली पन्नास मुलं दाखवली तेव्हा त्या दचकल्या. मग त्यांना कलेचं कपाट दाखवलं. बेचाळीस चित्रं. डोंगर, डोंगरामागून सूर्य, खाली नदी, नदीकाठी घर. सूर्य काढायला सगळ्यांनी एकाच बाटलीचं झाकण वापरलं आहे, त्यामुळे एकाचाही सूर्य वाकडा नाही. त्यांनी बेचाळीसही चित्रं पाहिली (म्हणजे एकच चित्र बेचाळीस वेळा पाहिलं, असं हे म्हणतात. ह्यांना कुणी विचारलं नव्हतं) आणि म्हणाल्या, "यातलं एखादं फसलेलं चित्र दाखवता का?" मी सांगितलं, फसलेली आम्ही ठेवत नाही.

नंतर नेतृत्व. त्यांनी विचारलं, तुम्ही आठवडाभर नसलात तर शाळेचं काय होईल? मी म्हटलं, मी नसते असं होत नाही. "पण समजा..." मी म्हटलं, समजायचं कशाला? त्यांनी माझ्या उपमुख्याध्यापिकेकडे पाहिलं. तुला माहीतच आहे, आम्ही तिला होबाई म्हणतो. "तुम्हाला काय वाटतं?" होबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी होबाईकडे पाहिलं. होबाई म्हणाली, "हो बाई." पाहणीबाईंनी वही मिटली. मला वाटलं, समाधान झालं.

तुझ्याकडे काय झालं ते मला सगळं ठाऊक आहे. माझी शिपाईबाई आणि तुझी शिपाईबाई सख्ख्या जावा आहेत, हे तू विसरतेस. पाहणीबाई पोचल्या तेव्हा तू शाळेतच नव्हतीस! दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडून बसली होतीस. फाटकाशी सातवीतल्या दोन मुली भेटल्या आणि त्यांनीच बाईंना शाळा दाखवली. आधी गळकं छप्पर, मग गळक्या छपराखालची बादली, मग ज्या मुख्याध्यापिका सध्या नाहीत त्यांची खोली. हॉलमध्ये नाटकाची तालीम चालू होती. त्यात भिंतीचं काम करणारा मुलगा पोट बिघडून घरी गेला होता, म्हणून तुझ्या मुलांनी पाहणीबाईंनाच भिंत केलं. चाळीस मिनिटं! हात पसरून! एका मुलानं तिच्यावर खिळा ठोकल्याचा अभिनयही केला. मग तू आलीस, गाल सुजलेला, तोंडात कापूस. एक शब्द बोलता येईना. नुसती मान हलवत राहिलीस. आणि पाहणीबाईंनी अहवालात काय लिहिलं? मुख्याध्यापिका कमी बोलतात आणि जास्त ऐकतात. त्यांच्या गैरहजेरीत शाळा उत्तम चालते. धाकटे, लहानपणी तुझी बडबड थांबवायला आईला शेजारणीची मदत घ्यावी लागायची. एका दाढेवर तू नेतृत्व मिळवलंस.

निकाल लागला. तुला रंगमंच, रंग, वाद्यं, शिबिराला दोन कलाशिक्षक आणि वर्षभर नेतृत्वाचं प्रशिक्षण. मला पत्र. 'आपल्या शाळेला कोणतीही अडचण नाही हे वाचून आम्हांला मनापासून आनंद झाला.' एवढंच. बरं, तेवढ्यावर भागलं असतं. पण तुझ्या सत्काराला मला तिसऱ्या रांगेत बसवलंस, आणि त्या बटणवाल्या आजोबांनी व्यासपीठावरून माझी पेन्सिलीतली ओळ वाचून दाखवली. म्हणे, या अर्जाला याहून मोठी शिफारस असूच शकत नाही. "ज्या भगिनींनी हे लिहिलं त्यांनी कृपया उभं राहावं." मी उभी राहिले. टाळ्या झाल्या. सदतीस वर्षांच्या नोकरीतल्या माझ्या पहिल्या टाळ्या, आणि त्या तुझा अर्ज बाद व्हावा म्हणून लिहिलेल्या ओळीला. तू व्यासपीठावर रडत होतीस. हे शेजारी रुमाल तोंडात कोंबून हसत होते. मी कुणाकडे पाहायचं?

तरीही मी नेहमीप्रमाणे उन्हाळी वर्ग सुरू केला. सकाळी आठ ते अकरा: पाढे, हस्ताक्षर, शुद्धलेखन. पहिले चार दिवस एकतीसही मुलं. मग तुझं शिबिर सुरू झालं आणि माझ्याकडे चिठ्ठ्या येऊ लागल्या. कुणाला ताप, कुणाचा पाय मुरगळला. बुधवारी तर अकरा मुलांचे मामा एकाच दिवशी आले. इतके मामा या गावात उतरले कुठे, असा मला प्रश्न पडला. दुसऱ्या दिवशी त्या अकरांपैकी दोघं रस्त्यात दिसले. कानामागे निळा रंग. मी विचारलं, मामा रंगारी आहेत का? म्हणाले, हो बाई. (होबाईची शिकवण वाया गेलेली नाही.) आता चार उरली आहेत. दोन जुळे, ज्यांच्या आईला ऊन चालत नाही. एक मुलगा, ज्याचं घर माझ्या खिडकीसमोर असल्यामुळे त्याला पळता येत नाही. आणि चौथी एक मुलगी, जिला पाढे मनापासून आवडतात. तिची मला काळजी वाटते.

आता मंगळवारचं सांगते. मंगळवारी मला तुझ्या शाळेच्या बाजूला काम होतं. काय काम, ते महत्त्वाचं नाही. हॉलची खिडकी उघडी होती आणि खिडकीखाली एक बादली पालथी पडलेली होती, तेव्हा मी तिच्यावर उभी राहिले. त्या दिवशी धडाम् आवाज झाला आणि तू आतून "मांजर असेल गं" म्हणालीस, आठवतं? ते मांजर मी होते. पण पडण्याआधी मी जे पाहायचं ते पाहिलं होतं.

रंगमंचावर गवंड्याची मुलगी उभी होती. तुला ती मुलगी कशी दिसते ते मला माहीत नाही, मला ती कशी दिसायची ते सांगते. दोन वर्षं माझ्या शाळेत आहे. हजेरीला हात वर करते, तोंड उघडत नाही. पुस्तक वाचायला उभं केलं तर ओठ हलतात, आवाज येत नाही. तिचा बाप विटांच्या धुळीनं भरलेले हात घेऊन विचारायला आला, तेव्हा मी त्याला म्हटलं, मुलगी शांत आहे, गुणी आहे, काही तक्रार नाही. तक्रार निरंक! तीच मुलगी पुठ्ठ्याचा चष्मा लावून, हनुवटी वर करून, हातात पट्टी घेऊन उभी, आणि समोर तुझी-माझी मिळून साठ मुलं बसलेली. तिनं खोकून घसा साफ केला. त्या खोकण्यावरूनच मला कळलं, ही मी आहे.

मग ती बोलली. अगदी शेवटच्या रांगेपर्यंत, खिडकीबाहेरच्या बादलीपर्यंत ऐकू येईल असं. "एक असेल तर मूल! मू दीर्घ! अनेक झाली की मुलं! मु ऱ्हस्व! का?" तिनं पट्टी टेबलावर आपटली. "कारण एकटं असलं की मूल पाय पसरून बसतं. गर्दी झाली की आखडून बसावं लागतं!" हॉल हसून हसून लोळायला लागला. धाकटे, हे कारण मी कधीच सांगितलेलं नाही. सदतीस वर्षं मी हा नियम शिकवते आहे आणि 'का?' असं कुणी विचारलंच तर 'नियम आहे म्हणून' असं सांगते आहे. ते कारण तिचं आहे. चांगलं आहे. मला सुचायला हवं होतं. मी हसले, पाय हलला, आणि पुढचं तू ऐकलंसच.

घरी येईपर्यंत मी विचार करत होते. त्या मुलीला मी काय शिकवलं, ती ऐकते तरी का, हे मला दोन वर्षं कळलं नव्हतं. तिनं सगळं ऐकलं होतं. खोकण्यासकट. फक्त माझ्यासमोर तिला ते सांगता येत नव्हतं. तुझ्या रंगमंचाचा मला हेवा नाही, लाकडंच ती. प्रशिक्षणाचाही नाही; रांगेत पुढे कोण चालायचं ते आपण शाळेत जाताना ठरलेलं होतं, मी पुढे आणि तू बुटाची नाडी सोडून मागे. पण तो आवाज तुझ्या हॉलमध्ये निघाला, माझ्या वर्गात नाही, याचं मात्र माझ्या पोटात दुखतं. डॉक्टरांच्या कागदात हे नाही. मेहुण्यांना सांगू नकोस.

तरीही नियम तो नियम. वरील सर्व बाबींचा विचार करून तुला कळवण्यात येतं की माझी सत्तावीस मुलं सोमवारी सकाळी आठ वाजता, कानामागचा रंग धुऊन, माझ्या वर्गात हजर करावीत. यात चर्चेला जागा नाही. गुडघ्याला शेक देत जा.

तुझी,
थोरली

ता. क. सव्वीस. गवंड्याच्या मुलीला पाठवू नकोस, तिचा आवाज तुझ्याकडेच निघतो. शनिवारी तुमचं नाटक आहे असं ऐकलं. तोवर तिचा घसा जप. कोमट पाणी दे. थंड मुळीच नाही.

ता. क. २. ती पट्टी टेबलावर आपटते. मी टेबलावर कधीच पट्टी आपटत नाही, मी ती स्वतःच्या तळहातावर आपटते, आणि तीही एकदाच. शिवाय 'ऱ्हस्व' म्हटल्यावर मी थांबते आणि चष्म्यावरून पाहते. ती घाई करते. काम चांगलं करते आहे, पण नक्कल करायची तर नीट करावी. तासाभराची एक तालीम पुरेल. मी येऊ शकते. म्हणजे तू बोलावलंस तर. बोलावलंस असंच सगळ्यांना सांगायचं. मी विचारलं असं नाही. (ह्यांनी खांद्यावरून वाचलं आणि म्हणाले, "मग आठ पानं कशाला लिहिलीस? सरळ जायचं की." ह्यांना लिखाणातलं काही कळत नाही.)

ता. क. ३. मी आले तर माझी चार मुलं वर्गात एकटी राहतील, ते बरं नाही, म्हणून त्यांना बरोबर आणावं लागेल. जुळ्यांना सावलीत बसव. खिडकीसमोरच्या मुलाला खिडकीपासून लांब, त्याला तेवढीच सुट्टी. पाढेवाल्या मुलीला ढोल दे, ती ठेका चुकणार नाही. अध्यक्षांना मी कळवून टाकलं आहे की सोमवारी पाहणीला येण्याची गरज नाही. वर्ग बंद केलेला नाही. वर्ग हलवला आहे. कुठे, असं त्यांनी विचारलं. मी तुझ्या शाळेचा पत्ता दिला. आता तू नाही म्हणालीस तर मला त्यांच्यापुढे खोटं पाडशील.

ता. क. ४. टपालानं हे पत्र तुला शनिवारनंतर मिळालं असतं, म्हणून मीच घेऊन आले आहे. तुझ्या शिपाईबाईच्या हाती आत पाठवते. आम्ही पाचही जण फाटकाशी उभे आहोत. तुझं सावकाश वाचून होऊ दे, फक्त ऊन फार आहे आणि जुळ्यांच्या आईला मी शब्द दिला आहे.